कंबर बरी झालीय, हे बायकोला कसं सांगू?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ ४७ वर्षांचे, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नोकरीला. पगार झाला की एटीएम कार्ड बायकोकडे. संध्याकाळी सातच्या आत घरात. मित्र बंद, हॉटेलातला चहा बंद, रात्री मोबाइल चार्जिंगला तिच्या उशाशी. गल्लीत नाव पडलंय 'ताटाखालचं मांजर'. चार महिन्यांपूर्वी ज्वारीचा कट्टा उचलताना कंबरेत उसण भरली आणि तीन-चार दिवसांत उतरलीही. पण तेवढ्या दिवसांत चहा जागेवर आला, दळण, भाजी, गॅसची टाकी यातलं काही कुणी सांगितलं नाही, आणि डॉक्टर 'जरा चालत जा' म्हणाले म्हणून संध्याकाळी तासभर बाहेर पडायची मुभा मिळाली. मग कंबर बरी झालीच नाही. आता बायकोनं बचत गटातून २० हजार उचलून त्यांना लातूरला एमआरआयला न्यायचं ठरवलंय. गृहस्थ विचारतात, 'एमआरआय नॉर्मल आला तर मी उघडा पडतो. काय करावं?'

साहेब, एमआरआय नॉर्मल येईल याची तुम्हाला भीती वाटतेय. मला भीती वाटते ती तो नॉर्मल न येण्याची.

१९९४ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी ९८ माणसांच्या कंबरेचे एमआरआय काढले. त्यातल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती. तरी ५२ टक्के लोकांत मणक्यांमधली कुठली ना कुठली चकती फुगलेली निघाली. सगळ्या चकत्या धड होत्या अशी माणसं फक्त ३६ टक्के. वय वाढलं की केस पिकतात तशा चकत्याही वाळतात, फुगतात, त्यांची उंची कमी होते. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. तुम्ही ४७ वर्षांचे. तुमच्या रिपोर्टात दोन-तीन ओळी तरी येणारच, आणि त्या ओळी वाचून कुणीतरी म्हणणार, 'मणक्यात गॅप पडलाय', 'गादी सरकली', 'नस दबायलीय'. मग पाहुण्यांमधला एकजण हैदराबादचा डॉक्टर सांगेल, दुसरा सोलापूरचा, तिसरा कुठल्या तरी खेड्यातला हाडं बसवणारा. मोटारसायकल बंद. लग्नात खाली पंगतीला बसणं बंद. वजन उचलणं जन्माचं बंद. चार महिन्यांचं सोंग फिल्मसकट घरात लटकेल, आणि ते सोंग होतं हे पुढं तुम्ही शपथेवर सांगितलंत तरी कुणी मानणार नाही.

आता दुसरी गोष्ट. डॉक्टरला कळत नाही असं समजू नका. मी तालुक्याच्या गावात २८ वर्षं ओपीडी चालवतोय. पेशंट दारातून आत येतो तेव्हा चप्पल कशी काढतो, यावरूनच अर्धं निदान होतं. खरी उसण भरलेला माणूस चप्पल काढायला वाकत नाही, पायानं पाय दाबून काढतो. खुर्चीत बसताना आधी हात टेकतो, मग एका बाजूनं अंग सोडतो. सोंगवाला व्यवस्थित बसतो आणि बसल्यावर कण्हतो. टेबलावर झोपवून पाय सरळ वर उचलला की ३० अंशांतच 'आई गं' होतं. त्याच माणसाला उठवून बसवलं आणि गुडघा तपासायच्या मिषानं तोच पाय पुढं सरळ केला, तर तो गप्पा मारत राहतो. डोक्यावर हलका हात दाबून 'कंबरेत दुखलं का?' विचारलं तर काहीजण 'हो' म्हणतात. अशा खुणांची यादी गॉर्डन वॅडेल या स्कॉटिश सर्जननं १९८० साली मांडली. त्याहून जुनी हूव्हर या अमेरिकन डॉक्टरची चाचणी १९०८ सालची. 'पाय उचलताच येत नाही' म्हणणाऱ्याच्या दुसऱ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवायचा. माणूस खरंच जोर लावत असला तर दुसरी टाच आपोआप खाली दाबली जाते. ती नुसतीच पडून राहिली, तर उचलायचा प्रयत्नच झालेला नाही.

हे वाचून तुम्ही टाच दाबायची तालीम करणार असाल तर खुशाल करा. मुद्दा वेगळा आहे. एवढं कळूनही मी पेशंटच्या तोंडावर 'नाटक करता का?' असं कधी म्हणत नाही. वॅडेलनंच पुढं बजावलं होतं, की या खुणा म्हणजे खोटेपणाचा पुरावा नव्हे. घाबरलेला, कंटाळलेला, घरात कुणी ऐकत नसलेला माणूसही अशाच खुणा दाखवतो, आणि त्याचं दुखणं त्याच्यापुरतं शंभर टक्के खरं असतं. सोंग वेगळं आणि मन दुखलं म्हणून अंग दुखणं वेगळं. या दोन्हींच्या मधला एक मोठा पट्टा आहे. तिथं माणूस सोंगानं सुरुवात करतो आणि काही महिन्यांनी त्याचं त्यालाच सांगता येत नाही की आता दुखतंय की नाही. तुम्ही अजून त्या पट्ट्यात गेलेला नाहीत, कारण तुम्ही मला पत्र लिहिलंत. आणखी सहा महिन्यांनी लिहिलं असतं की नाही, शंका आहे.

तुम्हाला हे का सुचलं, यात मला नवल वाटत नाही. आपल्याकडच्या घरांत हक्काची रजा एकच, आजारपणाची. 'मला दोन तास एकट्याला बसायचंय' असं म्हणणाऱ्या माणसाकडं घर कसं बघतं? 'काय झालंय? कुणाचा फोन आल्ता?' आणि 'कंबर धरलीय' म्हटलं की सगळे गप्प. देवानंही काही वेगळं केलं नाही. माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळीकडून ऐकलं असेल, म्हाळसेशी सारीपाट खेळताना खंडोबा हरला, पणापायी बारा वर्षं घर सोडलं, आणि वेष पालटून बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखत बसला. पुढं दोघींच्या भांडणात त्याचं काय झालं, तेही वाघे गातातच.

बायकांचं मात्र उलट दिसतं. माझ्याकडं येणारी बाई दुखणं लपवून येते. 'कंबर दुखायलीय, पण झोपून राहा म्हणू नका, घरी कोणी नाही,' हे तिचं पहिलं वाक्य असतं. बाम चोळून, पट्टा आवळून ती भाकरी थापतेच. तिच्या वाट्याला मोकळीक आली तर नवरात्रात अंगात येतं तेव्हा. तेवढी दहा मिनिटं सासूला चार शब्द सुनावता येतात आणि सासूच पाया पडते. थट्टा करायची म्हणून हे सांगत नाही. ज्याला सरळ बोलायला जागा नाही, त्याचं अंग बोलतं. बायांचं अंगात येतं, बाप्यांची कंबर जाते. तुमच्या घरात सरळ बोलायची जागा कुणालाच नाही असं मला तुमच्या पत्रावरून दिसतं. तिलाही नसावी.

सोंगानं मोकळीक मिळते हा हिशेब कसा फसतो, ते सांगतो. एका गृहस्थानं सासुरवाडीचं एक लग्न चुकवायला चक्कर काढली. लग्न चुकलं. पण घरी आल्यावर बायकोनं गाडीची किल्ली कपाटात ठेवली, भाच्याला बोलावून घेतलं आणि 'मामाला एकटं सोडायचं नाही' अशी ताकीद दिली. तो भाचा आठ महिने त्यांच्या मागं होता, अगदी पानटपरीपर्यंत. 'चक्कर येती म्हणल्यावर एकट्याला सोडल कोण?' असं ती बाई मलाच विचारायची. शेवटी गृहस्थ एकटे येऊन म्हणाले, 'डॉक्टर, मला बरं करा, काय लागंल ते घ्या.' मी काय घेणार? दोन महिने लागले त्यांना बरं व्हायला. तुम्हीही बघा, चार महिन्यांत तुम्हाला तासभर चालायला मिळालं खरं, पण काय खायचं, कसं झोपायचं, कितीला उठायचं, हे सगळं आता ती ठरवते. आधी पगार तिच्या ताब्यात होता, आता कंबरही.

छातीचं सोंग तर कुणीच करू नये. एकजण घरात भांडण लागलं की छातीवर हात ठेवायचे. तीनदा ईसीजी काढला, तीनदा नॉर्मल. चौथ्यांदा घरच्यांनी ओवा दिला आणि 'सकाळी बघू' म्हणाले. सकाळी ते माझ्याकडं आलेच नाहीत, मलाच त्यांच्या घरी जावं लागलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी आहे ती गोळ्यांची. तुम्ही लिहिलंय, 'ती समोर बसून देते म्हणून घ्याव्या लागतात.' चार महिने दिवसाला दोनदा डायक्लोफिनॅक, ही दुखण्यावरची गोळी? दुखत नसताना? या गोळ्या पोटात जखमा करतात आणि किडनीकडं जाणारं रक्त कमी करतात. त्यात आपला परभणीचा उन्हाळा, मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं. घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या चालू असल्या तर किडनीला जोराचा धक्का बसू शकतो. म्हणून त्या आजच बंद करा. पोटात आग, काळी संडास, पायावर सूज यातलं काही असेल तर आजच्या आज जवळच्या दवाखान्यात जाऊन तसं स्पष्ट सांगा. काही नसलं तरी एकदा क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि हिमोग्लोबिन करून घ्या. ही रक्ताची साधी तपासणी आहे, एमआरआयच्या मानानं काहीच खर्च नाही, आणि तुम्हाला खरी गरज हिचीच आहे. सोंग करून माणसानं खरा आजार ओढवून घेतल्याचं मी पाहिलंय. दरवेळी त्याला कारण गोळ्या, नाहीतर पडून राहणं. कंबरेला पडून राहणं मानवत नाही, पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि मग खरोखरच पोतं उचलायला गेलं की कट् होतं. कंबरेचा पट्टा दिवसभर बांधलात तरी तेच.

आता घरातली बाजू. कडक बायकोची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो, 'कधीपासून?' सुरुवातीला 'आधीपासूनच' असं उत्तर येतं. दहा मिनिटं गप्पा मारल्या की एक तारीख निघते. कुणी मित्राला पतसंस्थेत जामीन राहिलेला असतो आणि हप्ते याच्या पगारातून कापले जातात. कुणाची प्लॉटमध्ये रक्कम बुडालेली. कुणाची रोजची एक क्वार्टर. एकाची लॉटरी. तुमच्या पत्रात शेवटून तिसऱ्या ओळीत, जाता जाता, 'सोयाबीन गेलं त्या वर्षी मी तिला न विचारता दागिने गहाण ठेवले होते' असं वाक्य आहे. सबंध पत्रात तिची बाजू सांगणारं तेवढंच एक वाक्य, आणि तेही तुम्ही कंसात घातलंय. कार्ड तिच्याकडं कधी गेलं, तेव्हाच ना?

प्रत्येक वेळी चूक नवऱ्याचीच असते असं मी म्हणत नाही. काही घरांत बाप्याला खरोखर मारझोड होते, उपाशी ठेवतात, आईबापाला भेटू देत नाहीत, आणि लाजेपायी तो कुठं बोलत नाही. तसं असेल तर तो कंबरेचा विषयच नाही. घरगुती तक्रारी ऐकणारा जिल्ह्याच्या पोलिसांचा भरोसा सेल, कुटुंब न्यायालयातले समुपदेशक, घरातलं एखादं वडीलधारं माणूस, यातल्या कुणाकडं तरी जा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तिथं एक घाबरलेली बाई दिसते, जिनं एकदा दागिने जाताना पाहिलेत आणि जी आता तुमच्या कंबरेसाठी कर्ज काढायला निघालीय. बचत गटातून उचलायचे २० हजार तिनं गटातल्या दहा-बारा बायांसमोर मागितलेले असणार. 'मालकाची कंबर गेलीय' असं तिनं तिथं सांगितलेलं असणार. पुढं सगळं उघडं झालं तर तुम्ही एकट्या बायकोसमोर खोटे ठरणार नाही, तिला गटासमोर खोटं ठरवाल. तुम्हाला अजून त्याचा अंदाज नाही, म्हणून लिहितोय.

आणि तिला काहीच माहीत नाही, हे तुम्ही गृहीत धरलंय. माझा अनुभव तसा नाही. एका बाईनं नवऱ्याला बाहेर बसवून मला सांगितलं होतं, 'आवो डॉक्टर, ह्यांची कंबर मी घरात असले की दुखती, मी वावरात गेले की दुखत नाही. मला काय कळत नाही व्हय? पण म्हणलं, दुखू द्या. पडून तर पडून, घरी तरी राहायलेत.' तो माणूस कंबरेवर घरातून सुटायला बघत होता आणि ही त्याच कंबरेवर त्याला घरात ठेवत होती. मी दोघांनाही काही बोललो नाही. व्यायाम लिहून दिले.

तर, काय करायचं.

मी तुमच्या बायकोला खोटं सांगणार नाही आणि तुमचं गुपितही फोडणार नाही. पेशंटची गोष्ट बाहेर न सांगणं आणि खोटं सर्टिफिकेट न देणं, दोन्ही डॉक्टरच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे, आणि दुसऱ्या कलमासाठी माझं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं. ऑफिसात दाखवायला जुन्या तारखेचं सर्टिफिकेट हवंय असं तुम्ही पत्राच्या खाली लिहिलंय, ते विसरून जा. पण सुदैवानं मला खोटं बोलायची गरजच नाही. पायात जोर आहे, मुंग्या नाहीत, लघवी-संडासवर ताबा आहे, ताप नाही, वजन घटलेलं नाही, रात्री झोपेतून उठवणारी कळ नाही, अशा माणसाला एमआरआय लागत नाही. तपासून मी तिच्यासमोर तेवढंच म्हणणार आहे आणि ते अक्षरशः खरं आहे. (वरच्या यादीच्या उलट एखादं लक्षण कुणाला खरंच असेल, विशेषतः बसायच्या जागी बधिरपणा आणि लघवी अडणं, त्यानं हा लेख इथंच सोडून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं.)

चालणंही खरंच औषध आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेला अभ्यास २०२४ साली छापून आला. कंबरदुखीतून बरं झालेल्या ज्या लोकांना नियमानं चालायला लावलं, त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस गेले, आणि ज्यांना काहीच दिलं नाही त्यांच्यातल्या निम्म्यांची ११२ दिवसांत धरली. तेव्हा आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाला, हे मी पॅडवर लिहून देणार. त्यासाठी तुमची कंबर दुखायची गरज नाही. उलट न दुखण्यासाठीच ते आहे. ज्या तासासाठी तुम्ही चार महिने कण्हत होता, तो तुम्हाला धडधाकट माणूस म्हणूनही मिळू शकतो.

ती म्हणेल, 'मग मी पण येते.' मला माहीत आहे, तुमच्या पोटात इथं गोळा आला. येऊ द्या. महिनाभर येईल. तुम्ही रेल्वे स्टेशनपर्यंत जाता, चहाच्या हॉटेलाकडं वळत नाही, हे बघेल. तिलाही बऱ्याच वर्षांत पायात चप्पल घालून नुसतं चालायला मिळालेलं नसेल. त्या चालण्यातच दागिन्यांचा विषय काढा, तिनं काढायच्या आत. माफी मागताना सोयाबीनचा भाव, पाऊस, सावकार यातलं काही सांगू नका. 'तुला विचारायला पाहिजे होतं,' एवढंच म्हणा आणि गप्प राहा. ती बोलेल तेव्हा मध्ये तोंड घालू नका, ती दोन किलोमीटर बोलली तरी. मग काही दिवसांनी सरळ मागा, 'रविवारी सकाळी दोन तास मी मित्रांकडं जाणार, महिन्याला ५०० रुपये हातखर्च माझ्याकडं राहील.' दिवस, तास आणि रक्कम बोललात तरच ते मागणं होतं. 'मला जरा मोकळं सोड' असं म्हणालात की ते भांडण होतं. पहिल्यांदा ती नाही म्हणेल. तेव्हा कंबर धरू नका.

चार महिन्यांचं खरं तिला सांगायचं की नाही? मी कुणावर सक्ती करत नाही. बहुतेकांनी कधीच सांगितलं नाही, कंबर हळूहळू बरी झाली आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. पण तुमच्या बाबतीत पैशांआधी सांगावं असं माझं मत आहे. सगळं नको. 'कंबर पहिल्याच आठवड्यात बरी झाली होती, पण पडून राहिलं की बरं वाटत होतं,' एवढं पुरे. ते खरंही आहे. ती चिडेल. पण गटातून पैसे उचलल्यानंतर कळलं, तर नुसती चिडणार नाही.

गटाची बैठक महिन्याच्या १० तारखेला असते, असं तुम्ही लिहिलंय. त्याआधीच्या बुधवारी दुपारी चार वाजता दोघं या, त्या वेळी ओपीडी रिकामी असते. पट्टा बांधूनच या, तो तिच्यासमोरच सोडू. गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन या, किती पोटात गेल्यात ते मला मोजायचंय. आणि चप्पल दाराबाहेर काढताना मी बघत असेन.